फिजिओच्या पहिल्या वर्षात पाठीचा कणा कसा अभ्यासावा

पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीत पाठ हटकून मागे राहते. यात मुलांच्या आळसाचा भाग थोडा, मांडणीचा जास्त. हाताला, पायाला, छातीला, पोटाला, डोक्या-मानेला स्वतंत्र भाग असतो. पाठीचे वरवरचे स्नायू हाताबरोबर उरकतात, मानेचे मणके डोक्या-मानेत येतात, कमरेचे मणके आणि त्यांच्या खालचं जुळलेलं हाड, सेक्रम, पोटाच्या भागात सापडतात आणि मज्जारज्जू न्यूरोॲनाटॉमीत जातो. त्यात डिसेक्शन हॉलमध्ये देह बहुतेक वेळ उताणाच असतो. पालथा करायला माणसं लागतात, म्हणून तो फार कमी वेळा पालथा होतो.

पुढे ओपीडीत मात्र उलटं चित्र दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये जगात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर माना आणि कमराच बघते, त्यामुळे माझं मत थोडं पक्षपाती धरा. पण नव्याने ॲडमिशन घेतलेल्यांना माझा पहिला सल्ला हाच: पाठीसाठी वेगळी वही करा आणि तिच्यात आधी हाडं, मग स्नायू, मग नसा असं लिहू नका. लेव्हलप्रमाणे लिहा. म्हणजे एल४-एल५ (कमरेचा चौथा-पाचवा मणका; तसंच सी मानेचा, टी छातीचा, एस सेक्रमचा) या पानावर तिथला मणका, तिथली चकती (दोन मणक्यांमधली गादी), तिथली नस, तिथून हलणारा स्नायू, सगळं एकत्र. पेशंट याच क्रमाने समोर येतो.

सुरुवात हाडांपासून. बोन सेट सीनियरकडून जुना मिळतो, नाहीतर प्लॅस्टिकचा चालेल. मणके एकूण ३३: मानेचे ७, छातीचे १२, कमरेचे ५, सेक्रममध्ये जुळलेले ५ आणि माकडहाडाचे साधारण ४. आकडे पाठ व्हायला एक संध्याकाळ पुरते. हातात आलेला मणका कुठला, हे ओळखायला थोडा सराव लागतो. ट्रान्सव्हर्स प्रोसेसमध्ये, म्हणजे बाजूला निघालेल्या टोकात, भोक असेल तर मानेचा. बॉडीच्या, म्हणजे पुढच्या जाड भागाच्या, कडेला बरगडी टेकायची जागा असेल तर छातीचा. दोन्ही नसेल आणि बॉडी दणकट असेल तर कमरेचा. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) एखादे सर मुद्दाम विचारतात, "हा मणका कुठल्या बाजूचा?" घाबरलेलं पोरगं "राइट साइड" म्हणून मोकळं होतं. मणका मधल्या रेषेवरचा, त्याला उजवी-डावी बाजू ठरवायची नसते. त्याचं पुढे-मागे आणि वर-खाली सांगायचं असतं.

मणक्याचं एकच काहीतरी मनापासून शिकायचं झालं तर फॅसेट जॉइंटची, म्हणजे मागच्या बाजूला दोन मणके एकमेकांना टेकतात त्या छोट्या सांध्यांची, दिशा शिका. बाकी वर्णन वाचून विसरलात तरी पुन्हा वाचता येईल, पण ही दिशा कळली की कणा कसा हलतो ते आपोआप उलगडतं. कमरेत फॅसेट बहुतांशी पुढून मागे जाणाऱ्या प्रतलात उभे असतात, म्हणून तिथे वाकणं आणि मागे झुकणं भरपूर, वळणं अगदी थोडं. छातीत त्यांचं तोंड पुढे-मागे असतं, म्हणून तिथे वळणं जमतं. पटत नसेल तर मैत्रिणीला स्टुलावर बसवा, हात छातीवर घ्यायला सांगा आणि वळायला लावा. "कंबर वळवते" असं ती म्हणेल, पण तुमची बोटं मणक्यांवर असतील तर वळण वर, छातीच्या भागात होतंय हे जाणवेल. मानेचं गणित तर आणखी मजेशीर. "हो" म्हणून मान डोलावतो तो मुख्यतः कवटी आणि पहिल्या मणक्यामधला सांधा, "नाही" म्हणून हलवतो तो पहिल्या आणि दुसऱ्यामधला. मान जेवढी वळते त्यातलं साधारण निम्मं वळण या एकाच सांध्यात होतं. तिथे चकती नसते, हेही लक्षात ठेवा, विचारतात.

आता नसा. इथे घाई करू नका.

मानेचे मणके सात, पण मानेच्या नसा आठ. पहिली नस कवटी आणि पहिल्या मणक्याच्या मधून निघते, त्यामुळे मानेत प्रत्येक नस आपल्या आकड्याच्या मणक्याच्या वरून बाहेर पडते. आठवी सी७ आणि टी१ च्या मधून. तिथून पुढे नियम बदलतो आणि नस आपल्या मणक्याच्या खालून निघते. आता हे बघा: सी५-सी६ ची चकती बाहेर आली की बहुधा सी६ नस दाबली जाते. एल४-एल५ ची आली की बहुधा एल५. दोन्हीकडे खालचा आकडा, म्हणून मुलं एकच नियम पाठ करतात आणि पुढे जातात. पण कारणं वेगळी आहेत. मानेत सी६ नस त्याच फटीतून बाहेर पडत असते, म्हणून ती सापडते. कमरेत त्या फटीतून निघते एल४, पण ती दोन मणक्यांमधल्या छिद्राच्या वरच्या भागातून, चकतीला चुकवून आधीच निसटते. सापडते ती चकतीच्या मागून खाली जाणारी एल५. चकती अगदी कडेला, छिद्राच्या बाहेर फुगली तर मात्र एल४ दाबली जाते. हे कागदावर स्वतः काढा. आकृती सुबक नसली तरी चालेल, नसेचा रस्ता बरोबर हवा.

नसा इतक्या लांब खाली का जातात, तर मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण एल१ च्या खालच्या कडेपाशी संपतो. नवजात बाळात तो एल३ पर्यंत असतो. त्याच्या खाली कॅनॉलमध्ये (मणक्यांमधल्या पोकळ नळीत) असतात फक्त नसांची मुळं, कॉडा इक्विना. डिसेक्शनमध्ये ज्या दिवशी लॅमिना (मणक्याची मागची कमान) कापून कॅनॉल उघडणार असतील, त्या दिवशी काही झालं तरी दांडी मारू नका. छिन्नी-हातोड्याचं काम असतं, वेळ लागतो, अर्धी बॅच कंटाळून कॅन्टीनला जाते. थांबलात तर ड्युराबाहेरची चरबी, मग ड्युरा (बाहेरचं जाड आवरण) आणि तो उघडल्यावर खाली उतरणाऱ्या त्या मुळांचा झुपका प्रत्यक्ष दिसेल. बऱ्याच फिजिओ कॉलेजांत स्वतःचा डिसेक्शन हॉल नसतो, शेजारच्या मेडिकल कॉलेजात आधीच कापलेले नमुने दाखवतात. मग तिथल्या डेमोन्स्ट्रेटरना विचारून ठेवा, विचारलं तर बहुतेक जण दाखवतात. टेबलावरचा देह कुणीतरी दान केलेला असतो किंवा १९४९ च्या ॲनाटॉमी कायद्याखाली बेवारस म्हणून आलेला असतो. त्याच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांविषयी मला लिहायचंच नाही.

लोकांच्या तोंडची "गादी सरकली" तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल, घरच्यांकडूनच. चकती वरच्या-खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, सरकत नाही. बाहेरच्या तंतुमय कड्यांना भेग पडून आतला मऊ भाग बाहेर येतो. तो बहुधा मागे-बाजूला येतो, कारण मागचा मधला भाग पोस्टिरिअर लाँगिट्युडिनल लिगामेंटने (बॉडीच्या मागून उभ्या जाणाऱ्या पट्ट्याने) सांभाळलेला असतो आणि कमरेत ते लिगामेंट अरुंद होतं. शिवाय एमआरआयमध्ये दिसलं म्हणजे तेच दुखतंय असंही नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात कसलीही पाठदुखी नसलेल्या विशीतल्या लोकांपैकीसुद्धा ३७ टक्के जणांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. ऐंशीतल्यांत ९६ टक्के. पेशंट पिशवीतून रिपोर्ट काढायच्या आत त्याला पायाचा अंगठा वर उचलायला सांगणं (एल५) आणि चवड्यांवर उभं राहायला सांगणं (एस१) हे म्हणूनच शिकायचं.

स्नायूंवर मी फार वेळ घालवायला सांगणार नाही. एकच प्रश्न विचारा: याची नस कुठली? इरेक्टर स्पायनी, मल्टिफिडस असे खोलवरचे, कण्याचे खरे स्नायू मणक्याच्या नसेच्या मागच्या फांदीवर चालतात. लॅटिसिमस डॉर्साय, ऱ्हॉम्बॉइड हे पाठीवर दिसतात, पण काम हाताचं आणि नसा पुढच्या फांदीच्या. ट्रॅपेझियस आणखी वेगळा, त्याला हालचालीची नस अकराव्या क्रेनिअल नर्व्हची, म्हणजे कवटीतून बाहेर पडणाऱ्या नसेची. लाँगिसिमसच्या (इरेक्टर स्पायनीचाच एक भाग) प्रत्येक पट्ट्याचं उगमस्थान पाठ करणाऱ्या मुलांचं मला कौतुक वाटतं, पण ते मला कधी लागलेलं नाही.

हात मात्र पहिल्या दिवसापासून बसवा. मान खाली घातली की सर्वात ठळक लागतो तो बहुधा सी७. खात्री हवी तर बोट ठेवून मान मागे करायला सांगा: सी६ बोटाखालून पुढे निसटतो, सी७ जागेवर राहतो. खांद्याच्या फऱ्याचं खालचं टोक टी७ च्या आसपास. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडल्या की ती रेषा एल४ वरून जाते. कमरेखालच्या दोन खळ्या एस२ च्या पातळीवर. हॉस्टेलवर एकमेकींवर सराव करा, पण आधी विचारून. वॉर्डात नऊवारी नेसलेल्या आजी असतील तर कमरेचं हाड ओच्या-निऱ्यांच्या खाली दडलेलं असतं. "आजी, इथं हात लावते हं, गार लागंल," एवढं बोललं तरी स्नायू सैल पडतात. त्या सांगतील की उसण भरली होती, पायाळू माणसाची लाथ खाऊन आले. हसू नका. लाथ नेमकी कुठे बसली ते विचारा, दुखरी जागा तिथेच सापडते.

शेवटी व्हायव्हाचा लाडका प्रश्न: लंबर पंक्चरची (कमरेतून पाणी काढण्याची) सुई कशाकशातून जाते? एल३-एल४ किंवा एल४-एल५ मधून, कारण मज्जारज्जू वरच संपलेला. त्वचा, त्याखालची चरबी, सुप्रास्पायनस लिगामेंट, इंटरस्पायनस, लिगामेंटम फ्लेवम, एपिड्युरल जागा, ड्युरा, ॲरॅक्नॉइड (ड्युराच्या आतलं पातळ आवरण). या यादीत पोस्टिरिअर लाँगिट्युडिनल लिगामेंट घालू नका. सुई मागून येते आणि ते लिगामेंट असतं कॅनॉलच्या पुढच्या भिंतीवर, मणक्याच्या बॉडीच्या पाठीमागे. सुई तिथे पोचली असेल तर ती गरजेपेक्षा पुढे गेलेली आहे.