बॅकयार्डमध्ये सशाची पिल्लं सापडली? या चुका टाळा

न्यू जर्सीत थंडी सरली, गवत वाढू लागलं की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतो: "अगं, गवतात सशाची पिल्लं आहेत. आई कुठेच दिसत नाही. घरात आणू का?"

नको. आणूच नकोस.

हा इथला कॉटनटेल ससा. आपल्या माळरानावरच्या सशाची पिल्लं जन्मतःच डोळे उघडून, अंगभर केस घेऊन येतात. याची मात्र आंधळी आणि जवळजवळ उघडी. कॉटनटेल बीळही खणत नाही. मादी लॉनमध्येच उथळ खळगा उकरते, त्यात सुकं गवत आणि स्वतःच्या अंगाचे उपटलेले केस अंथरते, वरूनही तेच पांघरते. लांबून वाटतं, गवत जळालंय. म्हणून गवत कापायचं मशीन फिरवण्याआधी लॉन एकदा पायी फिरून बघा.

आई दिसत नाही म्हणजे टाकून गेली, ही सगळ्यात मोठी चूक. ती येते पहाटे आणि तिन्हीसांजेला, काही मिनिटं पाजते आणि निघून जाते. जवळ बसून राहिली तर कोल्ह्या-मांजरांना घरट्याचा पत्ता लागेल. तिचं लांब राहणं हीच तिची राखण. खात्री करायची असेल तर संध्याकाळी खळग्यावर लोकरीचे दोन धागे फुलीसारखे ठेवा. मी ठेवले होते. सकाळी ते बाजूला सरकले होते, केसांचं पांघरूण पुन्हा नीट ओढलेलं होतं आणि खाली पिल्लांची पोटं टम्म.

माणसाचा हात लागला की आई पिल्लू घेत नाही, हेही खरं नाही. बाहेर पडलेलं पिल्लू हातमोजे घालून त्याच खळग्यात ठेवा. सशांमधून माणसाला ट्युलरेमिया नावाचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, म्हणून हात धुवा. घरटं हलवू नका, आई त्याच जागी येते. कुत्र्याला तेवढे दिवस पट्टा लावा. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं आपणच निघून जातात. टेनिसच्या चेंडूएवढं, कान ताठ झालेलं पिल्लू एकटं दिसलं तर ते हरवलेलं नाही, स्वतंत्र झालंय.

गाईचं दूध तर अजिबात नको, पोट बिघडून पिल्लू दगावतं.

मांजराने तोंडात धरलेल्या पिल्लाच्या बाबतीत मात्र थांबू नका. जखम दिसली नाही तरी दातांतले जंतू आत गेलेले असतात. परवानाधारक वाइल्डलाइफ रिहॅबिलिटेटरला (जखमी वन्यप्राण्यांची शुश्रूषा करणाऱ्याला) लगेच फोन करा आणि तोवर पिल्लू भोकं पाडलेल्या झाकणाच्या खोक्यात, अंधारात, आवाजापासून लांब ठेवा. काही खाऊ-पिऊ घालू नका, मुलांना दाखवायलाही झाकण उघडू नका.