शामॅनिक जर्नी: नवशिक्यांनो, या चुका टाळा

"ढोल वाजला, मी डोळे मिटून पडून राहिलो, पण काहीच घडलं नाही." नवशिक्यांची ही तक्रार ठरलेली. शामॅनिक जर्नी म्हणजे शामन (आत्म्यांच्या जगाशी संपर्क साधणारे पारंपरिक मांत्रिक-वैद्य) करतात तसा, ढोलाच्या ठोक्यावर डोळे मिटून मनाने केलेला प्रवास; त्यातून एखाद्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं असतं. चूक बहुतेक वेळा ढोल सुरू होण्याआधीच झालेली असते, कारण प्रश्नच ठरलेला नसतो. "बघू काय दिसतं ते" म्हणत आडवं झालं की जर्नीचं दिवास्वप्न होतं.

एका जर्नीला एकच प्रश्न घ्या. "नोकरी सोडू का?" असं विचारू नका. उत्तर प्रतिमांतून येतं आणि हो-नाहीच्या प्रश्नात आपण त्यातून आपल्याला हवं तेच वाचतो. "या नोकरीबद्दल मला काय कळायला हवं?" हा प्रश्न चालतो. "कधी" टाळा. "आणि" लावून दोन प्रश्न जोडले, तर कुठलं उत्तर कशाचं तेच कळत नाही. ठरलेला प्रश्न मनात तीनदा म्हणा.

मानववंशशास्त्रज्ञ मायकल हार्नर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत ढोल एकसुरी आणि जलद असतो, मिनिटाला साधारण २०५ ते २२० ठोके. बासरी, गाणं किंवा चढउताराचा ताल नको. मन सुरामागे जातं. सुरुवातीला १० ते १५ मिनिटांचं, परतीचा ठोका (जर्नी संपवून परत या, अशी ढोलाची खूण) असलेलं रेकॉर्डिंग पुरे. फोन फ्लाइट मोडवर ठेवा, डोळ्यांवर पट्टी बांधा. झोप लागत असेल तर भिंतीला टेकून बसा. भरल्या पोटी किंवा मद्य घेऊन जर्नी नको.

खालच्या जगात, म्हणजे जर्नीत मनाने गाठायच्या जमिनीखालच्या जगात, उतरायची वाट प्रत्यक्ष पाहिलेल्या जागेतून घ्या: झाडाची ढोली, गुहा, झरा, बीळ. नवशिके इथेच सर्वाधिक अडतात, कारण सिनेमासारखं चित्र दिसण्याची वाट बघत बसतात. चित्र दिसलं नाही तरी बिघडत नाही. ढोलीच्या कडेवर हात ठेवा. साल खरखरीत आहे का? आतून ओल्या मातीचा वास येतोय का? पायाखाली उतार लागतोय का? अनेकांना जर्नी दिसत नाही; ती ऐकू येते किंवा अंगाला जाणवते. बोगद्यात अडथळा आला तर धडका मारू नका, फट शोधा. नाहीच सापडली तर परत फिरा, दुसऱ्या दिवशी बघा. "हे मीच रचतोय का?" ही तपासणीही नंतरच करा. सुरुवात कल्पनेनेच होते. तुम्ही न ठरवलेलं काही घडू लागलं, की समजा वाट सापडली.

खालच्या जगात वाट दाखवणारा साहाय्यक प्राणी भेटतो; तो गरुड किंवा वाघच हवा, असा हट्ट धरू नका. जो प्राणी चार वेगवेगळ्या बाजूंनी दिसेल, त्याला विचारा, "तू माझा साहाय्यक आहेस का?" दात विचकणारा प्राणी किंवा किड्यांचा घोळका दिसला तर वळसा घालून पुढे जा.

सगळ्यात महागात पडते ती परतीची घाई. परतीचा ठोका असा असतो: सात-सात ठोके चार वेळा, मग सुमारे अर्धा मिनिट अतिजलद ठोका, मग पुन्हा सात-सात चार वेळा. पहिल्या सातांवर साहाय्यकाचा निरोप घ्या आणि जलद ठोक्यावर आलेल्या वाटेनेच वर या. मधूनच पट्टी ओढून उठणाऱ्याला डोकं जड, अंग सुन्न वाटत राहतं. तसं झालं तर पुन्हा आडवे व्हा, राहिलेली वाट मनात सावकाश चालून पूर्ण करा, मग तळपाय जमिनीवर दाबा, पाणी प्या. लगेच गाडी चालवू नका.

उठल्यावर बोलण्याआधी लिहा: घडलं त्या क्रमाने, अर्थ न लावता. अर्थ दुसऱ्या दिवशी.

दुसऱ्यासाठी जर्नी करायची असेल तर त्याची परवानगी आधी घ्या. अपस्मार असेल, किंवा भास-भ्रमाचा मानसिक आजार आहे किंवा पूर्वी होता, तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ढोल सुरूच करू नका. चालू औषधं तर मुळीच थांबवू नका.