प्रार्थनागटाची वही

अकरा वर्षं मी आमच्या चर्चमधला एक प्रार्थनागट चालवते. पहिली तीन वर्षं आम्ही बायबल वाचायचो, चर्चा रंगायची, शेवटी डोळे मिटून प्रार्थना व्हायची आणि मंडळी घरी जायची. वाईट काहीच नव्हतं त्यात. पण समोरच्या बाईची नोकरी गेलेली मला दोन महिन्यांनी कळली, तेही तिसऱ्याकडून. तिथून पुढे जे शिकले, ते सांगते.

आधी आकडा. आठ ते बारा माणसं, त्याच्या वर नको. गर्दी झाली की चौघं बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. येशूचे शिष्य बारा होते हा दाखला लोक देतात, देऊ देत. माझं कारण साधं आहे: एखादा आला नाही तर त्याची रिकामी खुर्ची डोळ्यांत भरली पाहिजे. तेरावा माणूस आला की गट फोडायची तयारी करा. दोघांच्या हाती नवा गट द्या आणि जुने सगळे स्वतःकडे ठेवून घेऊ नका. फोडताना रडारड होते. आमच्याकडे दोनदा झाली.

वाचनाला एकच उतारा घ्या, पंधरा-वीस ओळींचा. दोन वेगवेगळ्या माणसांनी तो मोठ्याने वाचायचा. मग विचारायचं: यात देवाविषयी काय दिसतं? माणसाविषयी काय दिसतं? आणि या आठवड्यात मी काय करणार आहे? तिसऱ्या प्रश्नानंतर गप्प बसा. मनात वीसपर्यंत मोजा. गट चालवणाऱ्याला ती शांतता सोसत नाही, तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो आणि पुढच्या वेळी कुणी तोंड उघडत नाही. 'मी जास्त प्रेम करीन' हे उत्तर धरू नका. 'शनिवारी भावाला फोन करीन' हे धरा.

आता वही. प्रत्येक गटाकडे एक वही हवीच. एका रकान्यात प्रार्थना विनंती, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात 'कोण काय करणार'. हा तिसरा रकाना आम्ही बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचून आखला. उघड्यानागड्या, उपाशी भावाला नुसतं 'ऊब घे, पोटभर जेव' म्हणून वाटेला लावलं तर काय उपयोग, असं तो विचारतो. 'आम्ही प्रार्थना करतोय हं' हे वाक्य आमच्याकडे नेमकं त्या जागी बसलेलं होतं. तिसरा रकाना रिकामा राहिला की मला आजही खटकतं. कधीकधी तो रिकामाच राहतो, कारण करण्यासारखं काही नसतं. तेव्हा प्रार्थना करावी आणि तसं कबूल करावं.

वहीतली गोष्ट वहीत. 'प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं' असं म्हणत जेवढ्या चुगल्या पसरतात तेवढ्या दुसऱ्या कशाने पसरत नसतील. ज्याची विनंती, त्याला विचारल्याशिवाय ती खोलीबाहेर न्यायची नाही, पाळकांकडेसुद्धा नाही. अपवाद एकच: कुणाच्या जिवाला धोका असेल किंवा लहान मुलाला इजा होत असेल तर गप्प बसायचं नाही. हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका.

सेवेचं बोलायचं तर आधी आमची चूक ऐका. एका एकट्या राहणाऱ्या आजोबांचं घर आम्ही सात जणांनी दिवसभर खपून झाडूनपुसून लख्ख केलं. कोपऱ्यातली जुन्या वर्तमानपत्रांची चळत मी स्वतः बाहेर काढली. त्यात त्यांच्या गेलेल्या बायकोने पेन्सिलीने सोडवलेली शब्दकोडी होती. आजोबा आम्हाला 'थँक यू' म्हणाले. त्यानंतर तीन आठवडे त्यांनी फोन उचलला नाही.

बायबलमधला आंधळा बार्तीमय समोर उभा असताना येशूने त्याला विचारलं, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? आंधळ्याला काय हवं असणार ते दिसत नव्हतं का? तरी विचारलं. आम्ही हा उतारा तीनदा वाचला होता आणि विचारलं मात्र नव्हतं. पुढे माफी मागायला गेलो तेव्हा विचारलं. आजोबा म्हणाले, बारीक अक्षर दिसत नाही, गुरुवारी कुणी कोडं वाचून दाखवलं तर बरं. झाडू मारण्यापेक्षा सोपं काम. जाताना दोघांनी जायचं, एकट्याने नाही. फोटो काढायचे नाहीत. मदतीच्या पिशवीत पत्रक घालायचं नाही. हे माझं मत आहे, गटातल्या एकाला ते अजून पटलेलं नाही.

पैशाचा विषय निघाला की लोक बिचकतात. मला इथे १७४२ सालची गोष्ट उपयोगी पडते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे, मेथडिस्ट पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या जॉन वेस्लीच्या लोकांवर प्रार्थनागृहाचं कर्ज होतं. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, कित्येकांना तेवढीही परवडणार नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांचे मी भरीन. बाकीच्यांनीही तसेच अकरा-अकरा शेजारी वाटून घेतले. घरोघरी जाताना कुणाचं कसं चाललंय तेही कळायला लागलं. वसुलीतून विचारपूस निघाली आणि पुढे ही माणसं दर आठवड्याला एकत्र बसू लागली. मेथडिस्टांचे 'क्लास' ते हेच. म्हणून वर्गणी ठेवा, ऐपतीप्रमाणे, कुणी किती दिले ते न वाचता. पैसे मोजायला दोन माणसं आणि हिशेबाची वेगळी वही.

आणि गट चालवणाऱ्याने स्वतःची विनंती वहीत लिहावी. मी पाच वर्षं लिहिली नव्हती. एका बैठकीत गटातल्या सगळ्यात लहान मुलीने वही चाळली आणि सरळ विचारलं, 'मावशी, तुमचं नाव कुठेच कसं नाही?' मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पुढच्या बुधवारी तिने वही उघडून माझ्यासमोर ठेवली, पेनचं टोपण काढलं आणि बसून राहिली.