पेशंटसाठी मावशी ठेवायची आहे, पण मन धजत नाही?

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला त्याला आता तीन वर्षं होतील. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. ‘हं’ आणि ‘नको’ एवढे दोनच शब्द उरले. पहिले 14 महिने सगळं मी एकटीनं केलं. आया-नर्स पुरवणाऱ्या ब्युरोची बाई ठेवायचा विषय निघाला की मीच तो मोडून काढायची. सून घरात असताना परक्या बाईनं आईंचं अंग पुसायचं, हे मलाच पटत नव्हतं.

मग एका रात्री, अडीचच्या सुमाराला, ओली चादर बदलताना त्या कुशीवर वळेनात आणि मी त्यांचा हात जोरात ओढला. सकाळी मनगटाच्या वर माझ्या चार बोटांचे वळ होते. डॉक्टर तपासायला आले, तेव्हा आईंनी डाव्या हातानं शाल ओढून ते वळ झाकले. मला वाचवायला. हे मी फार दिवस कुणालाच सांगितलं नाही. आता सांगते, कारण तुमच्यापैकी कुणाची तरी ती रात्र अजून यायची असेल.

म्हणून मदत कधी आणायची हे पेशंटकडे बघून ठरवू नका, स्वतःकडे बघा. सलग तीन तास झोप मिळत नसेल, ताटावर बसल्यावर हाक आली की डोक्यात तिडीक जात असेल, ‘सुटल्या तर बरं’ असं मनात येऊन मागाहून रडू फुटत असेल, तर वेळ झाली. तसा विचार येणं पाप नव्हे. मला तो बोलून दाखवायला घरात माणूस नव्हतं, म्हणून टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला 14416 वर फोन केला. पैसे पडत नाहीत, रात्रीही फोन उचलतात, मराठीत बोलता येतं. वीस मिनिटं मी नुसती बोलत होते.

ब्युरोशी बोलताना मात्र भिडस्तपणा नको. बारा तासांची मावशी की चोवीस, मावशी आली नाही तर बदली कोण, सुट्ट्या किती, पेशंटचे कपडे धुणं कामात धरलंय का, हे सगळं कागदावर घ्या. आधार कार्डाची प्रत घ्या, पोलीस ठाण्यात नोंद करा. नाकात नळी किंवा जखमेचं ड्रेसिंग असेल तर शिकलेली नर्सच मागा. ते आयाचं काम नव्हे. आणि दागिने आधीच लॉकरमध्ये ठेवा. उद्या एखादी अंगठी सापडली नाही, तर संशय त्या बाईवर जाईल आणि अंगठी आपल्याच पलंगाखाली निघेल.

आईंना मी एवढंच म्हटलं, “आई, माझी कंबर धरलीय. या मावशी माझ्या मदतीला आल्यात.” तुमच्यासाठी बाई ठेवलीय, असं म्हणाले असते तर त्यांनी तोंड फिरवलं असतं. तरी पहिले दोन दिवस त्या भिंतीकडेच बघत होत्या. मावशी रोज चारच तास यायच्या आणि मी घरातच असायची. घाईनं पूर्ण दिवस सोपवू नका.

तिसऱ्या दिवशी मावशींनी मेथीची जुडी आणून आईंच्या पुढ्यात ताट ठेवलं. आई डाव्या हातानं एकेक पान खुडायला लागल्या. मावशींनी मुद्दाम एक जाड देठ भाजीत टाकला. आईंनी तो उचलून बाजूला ठेवला आणि ठसक्यात म्हणाल्या, “नको.” झटक्यानंतर त्यांनी कुणाची चूक काढली ती तेव्हा पहिल्यांदा! मी दाराआड उभी राहून रडले. चौदा महिने मी त्यांना न्हाऊमाखू घातलं, पण हाताला काम काही दिलं नव्हतं.

मावशींना सगळं तोंडी सांगत बसू नका, एक वही ठेवा. दर दोन तासांनी कूस बदलली का, भरवल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं का, माकडहाड आणि टाचा लाल दिसतात का, लघवी किती वेळा झाली. शिवाय चहात आलं लागतं, पंखा दोनवर हवा, ही बारीकसारीक माहितीही लिहा. माणूस त्यातून कळतो. मावशींनाही वेळेवर जेवण आणि दुपारी पाठ टेकायला जागा द्या. तीही कुणाच्या तरी घरची सून आहे.

नणंदबाईंचा पुण्याहून फोन आलाच, “बाहेरची बाई कशाला?” मी वाद घातला नाही. म्हटलं, “ताई, आठ दिवस येऊन राहा, मग आपण दोघी मिळून ठरवू.” त्या चार दिवस राहिल्या. जाताना मावशींच्या हातावर त्यांनीच साडी ठेवली.

सुटे झालेले पहिले तास बँकेत आणि बाजारात घालवू नका. मी सांगलीच्या गणपती मंदिरात जाऊन नुसती बसले, मग मैत्रिणीकडे जाऊन झोपले.

सगळं मात्र सोपवू नका. एक काम स्वतःकडे ठेवा, तुम्हाला आवडतं ते. आईंचं अंग मावशी पुसतात. संध्याकाळी डोक्याला तेल मी लावते. त्या वेळी त्या डोळे मिटून “हं” म्हणतात.