थंडीत घरीच गाडीला प्रायमर मारताय? मग या चुका टाळा (माझ्या सगळ्या करून झाल्यात)

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात बाबांची जुनी चेतक बाहेर काढली. पुढचं मडगार्ड आणि दोन्ही डिक्क्या सुट्या केल्या, डेंटिंग बाहेरून करून आणलं आणि म्हटलं प्रायमर (रंगाच्या खालचा थर) आपणच मारू, त्यात काय एवढं. रविवारी सकाळी ८ ला सुरू केलं, कारण सकाळी वारा नसतो, धूळ नसते. नाशिकची डिसेंबरातली सकाळ, अंगात स्वेटर, हात चोळत स्प्रे गन धरलेली. दुपारपर्यंत मडगार्डवर दोन ओघळ, संध्याकाळी बोट लावलं तर ठसा. बुधवारी पण ठसा.

तेव्हा डोक्यात एकच हिशोब होता की आपल्याकडे कसली थंडी, दुपारी तर २७-२८ अंश असतं. ते खरंय, पण रात्री पारा १० च्या आसपास येतो (निफाडकडे तर विचारूच नका) आणि बंद शेडमधली भिंत, फरशी, टांगलेला पत्रा सगळं रात्रभर गार होऊन बसतं. बाहेर १० वाजता ऊन छान लागतं, शेडमधल्या पत्र्याला मात्र गरम व्हायला बारा वाजतात, दोन्ही अर्थांनी. प्रायमरला मोबाईलमधलं तापमान कळत नाही, त्याला तो ज्या पत्र्यावर बसलाय तेवढंच कळतं. सगळ्या चुकांचं मूळ हेच.

त्यामुळे पहिली चूक म्हणजे पत्रा न तपासता सुरुवात करणं. टू-के प्रायमर (हार्डनर मिसळून कडक होणारा, बहुतेक पीयू म्हणजे पॉलियुरेथेन) असेल तर पत्रा १५ अंशांच्या खाली असताना मारू नका, २० च्या वर असेल तर उत्तम. इपॉक्सी तर १० च्या खाली जवळजवळ झोपूनच जातो, वरून कोरडा वाटेल पण आत काही घडतच नसतं. मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर लागतो, कोविडच्या वेळी घेतलेली कपाळावर धरायची गन घरात पडली असेल तर तिच्यात बऱ्याचदा सरफेस मोड असतो तो लावून बघा. फक्त घासलेल्या चकचकीत पत्र्यावर थेट धरली तर आकडा चुकीचा येतो, म्हणून मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा, पाच मिनिटं जाऊ द्या आणि टेपवर मोजा.

दुसरी गोष्ट दव. दव काय फक्त गवतावरच पडतं असं नाही, गच्चीवर उभ्या गाडीच्या सीटवर सकाळी हात फिरवून बघा. हवा २० अंश आणि आर्द्रता ६० टक्के असेल तर दवबिंदू येतो साधारण १२ अंशांवर, म्हणजे तुमचा पत्रा १२ अंश किंवा त्याहून गार असेल तर त्याच्यावर पाण्याचा थर बसणार, डोळ्याला दिसेलच असं नाही. पत्रा दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम पाहिजे असा कामातला नियम आहे. नाहीतर प्रायमर पाण्यावर बसतो, पत्र्यावर नाही, आणि सहा महिन्यांनी फोड येतात तेव्हा आपण प्रायमरच्या कंपनीला शिव्या घालतो.

मी आता काय करतो, पार्ट सकाळी १० ला गच्चीवर उन्हात ठेवतो, चांगला तापू देतो, मग सावलीत आणून मनगटाला कोमट लागेपर्यंत थांबतो आणि ११ ते २ च्या मध्ये मारून मोकळा. उन्हातच मारायचा मोह होतो, तो आवरा. तापलेल्या पत्र्यावर वरची साय लगेच धरते आणि आतला थिनर बाहेर पडताना बारीक बारीक भोकं पाडतो. दुपारी ३ नंतर सुरू करू नका, कारण संध्याकाळी ६ ला गारठा परत येतो आणि कोट तेव्हा अर्धा कच्चा असतो.

आता थिनर, सगळ्यात जास्त घोळ इथेच. थंडीत प्रायमर डब्यात मधासारखा घट्ट होतो, गनमधून नीट फुटत नाही, मग माणूस काय करतो, थिनर ओततो. मी पण ओतला. गनमधून मस्त निघाला आणि उभ्या भागावर लगेच ओघळला, शिवाय एवढा थिनर गार हवेत उडून जायला वेळ लागतो, तो आतच अडकतो आणि आठवडाभर थर मऊ राहतो. घट्टपणा थंडीमुळे आहे, तर इलाज पण गरमीचाच. डबा आदल्या रात्री घरात आणून ठेवा (घरच्यांची बोलणी खावी लागतात, पण ठीक आहे), आणि वापरायच्या आधी झाकण घट्ट लावून कोमट पाण्याच्या बादलीत अर्धा तास. मग थिनर डब्यावर लिहिलंय तेवढाच.

कुठला थिनर हे पण बघा. दुकानात नुसतं पीयू थिनर मागितलं की समोर असेल तो देतात, थंडीत फास्ट (लवकर उडणारा) मागून घ्या आणि उन्हाळ्यात स्लो. पण रत्नागिरी, पणजी अशा दमट ठिकाणी तुमचं उलटं होऊ शकतं, फास्ट थिनर उडताना पत्रा आणखी गार करतो, हवेतली वाफ त्याच्यावर जमते आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज, हार्डनर न लागणारा) प्रायमर असेल तर पांढरट पडतो. तिथे जरा स्लो थिनर बरा, आणि पाऊस नुकताच पडून गेला असेल तर त्या दिवशी काम राहू द्या. टू-के प्रायमरमध्ये एनसीचं स्वस्त थिनर घालणं तर कुठल्याच ऋतूत नको.

लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवणारे पण भेटतात. टू-के मध्ये हार्डनर म्हणजे काही फोडणीतलं तिखट नाही, त्याचं प्रमाण ठरलेलं असतं, जास्त घातला तर जास्तीचा भाग तसाच शिल्लक राहतो. लांबीचं (खड्डे भरायच्या पुट्टीचं) पण तेच. २ टक्क्यांच्या आसपास हार्डनर पुरतो, थंडीत लोक नळी पिळत सुटतात आणि नंतर फायनल रंगातून डाग वर येतात, पांढऱ्या गाडीवर तर ठळक दिसतात.

कोटच्या मधला वेळ. उन्हाळ्यात ५-१० मिनिटांत पुढचा कोट चालतो, थंडीत १५-२० मिनिटं धरा. घड्याळापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवा, ओली चमक पूर्ण जाऊन थर मॅट झाला पाहिजे, आणि बोट लावायचंच असेल तर बाजूच्या मास्किंग टेपवर लावा, पार्टवर नाही. जाड दोन कोटपेक्षा पातळ तीन कधीही चांगले. प्रायमरच्या गनला १.६ ते १.८ चं नोझल लागतं, १.३ चं क्लिअरकोटवालं लावून प्रायमर फुटत नाही म्हणून थिनर वाढवत बसू नका, परत तोच खड्डा.

स्प्रे कॅनवाल्यांसाठी, गार कॅनमध्ये प्रेशर पडतं आणि तो फवारण्याऐवजी थुंकतो. हाताला कोमट लागेल एवढ्याच पाण्यात दहा मिनिटं ठेवा, मग आतली गोळी वाजायला लागल्यावर दोन मिनिटं हलवा. गॅसवर, उकळत्या पाण्यात, हीटरसमोर अजिबात नाही, कॅन ५० अंशांच्या वर जाऊ नये असं त्याच्यावरच छापलेलं असतं.

आता जरा गंभीर. थंडी वाजते म्हणून शटर ओढून आत शेगडी नाहीतर गॅसचा हीटर लावून स्प्रे करणारे लोक मी पाहिलेत. थिनरची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि हीटर पण जमिनीवरच असतो, पुढचं सांगायला नको. वर गॅस जळताना पाण्याची वाफ पण सोडतो, एक किलो गॅसमागे साधारण दीड किलो पाणी, म्हणजे पत्रा गरम करायच्या नादात आपणच दव पाडतोय. इलेक्ट्रिक हीटर किंवा हॅलोजनने खोली आणि पत्रा आधी गरम करा, मग सगळं बंद, प्लग काढा आणि दार उघडं ठेवून स्प्रे करा. धूळ बसावी म्हणून फरशीवर पाणी मारतात ते पण थंडीत तासभर आधी आणि अगदी थोडं.

पीयू हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुफ्फुसाला फार वाईट, एकदा त्याची अॅलर्जी झाली की ती जन्माची. साधा एन-९५ वाफेला काहीच अडवत नाही, चारकोलच्या कार्ट्रिजवाला मास्क हा कमीत कमी, वर गॉगल आणि ग्लोव्ह्ज. मोठ्या वर्कशॉपमध्ये बाहेरून हवा देणारे मास्क वापरतात त्याला कारण आहे. तेवढी सोय नसेल तर माझं सरळ मत, घरी टू-के पीयूच्या नादी लागू नका, वन-के (हार्डनर न लागणारा) घ्या, थोडा नरम पडतो पण चालतं.

कॉम्प्रेसरची टाकी थंडीत रोज खालून ड्रेन करा. गरम हवा गार पाईपमध्ये आली की पाणी सुटतं आणि ते थेंब गनमधून पत्र्यावर. वॉटर ट्रॅप (हवेतलं पाणी अडवणारा फिल्टर) कॉम्प्रेसरला चिकटून नको, पाईपच्या गनकडच्या टोकाला लावा.

आणि घाई झालीच असेल तर? ओघळ आला असेल तर ओला असताना बोटाने पुसू नका, पूर्ण कडक होऊ द्या आणि मग ३२० चा पाणीपेपर ब्लॉकवर गुंडाळून उतरवा. घासताना प्रायमरच्या वळ्या होत असतील, पेपर भरत असेल तर तो कच्चा आहे, थांबा. वाळायची छापील वेळ बहुतेक २०-२५ अंश धरून असते आणि १० अंश उतरले की वेळ ढोबळमानाने दुप्पट होते, त्यामुळे रात्री थंडीत गेलेले तास फारसे मोजूच नका. कच्च्यावर घासून रंग मारला तर त्या दिवशी झकास दिसतो, पंधरा दिवसांनी थर खाली बसतो आणि लांबीच्या कडा रंगातून वर उमटतात. भोकं पडली असतील तर वरून आणखी प्रायमर ओतून ती बुजत नाहीत, घासून खाली जा, बारीक पुट्टी भरा. आठवडाभर दुपारचं ऊन दाखवूनही नखाचा ठसा उमटत असेल तर सरळ थिनरच्या फडक्याने सगळं पुसून परत सुरू करा. माझं मडगार्ड मी असंच पुसलं, डोळ्यात पाणी, थोडं थिनरमुळे.

साधा प्रायमर पाणी धरतो, घासलेला तर जास्तच, तेव्हा नुसता प्रायमर मारलेला पार्ट रात्री दवात गच्चीवर ठेवला की खालून गंज सुरू. एक डिक्की मी अशी घालवली, चार दिवसांत कडेला तांबूस ठिपके आले. ती अजून तशीच पडलीय. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव करत गेली की तिच्याकडे बघू.