गेटवरून परत पाठवलं तर त्याच दिवशी लिहून द्या

भोसरी-चाकणला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. पीएफ, ईएसआय तुम्हाला माहितीये, त्यात जात नाही.

मी सीएनसी मशीनवर सहा वर्षं काढली. 2018 ला एका सोमवारी फर्स्ट शिफ्टला गेलो तर वॉचमनने कार्ड मागून घेतलं, म्हणाला वरून सांगितलंय, साहेब फोन करतील. पत्र नाही, नोटीस नाही, काही नाही. ओळखीचे एक सीनियर म्हणाले थांब, मी बोलतो साहेबांशी, कोर्टकचेरीच्या नादी लागू नकोस. मी दोन महिने थांबलो.

इथेच फसलो. नंतर तक्रार केल्यावर सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे कंपनीने लिहून दिलं की आम्ही काढलंच नाही, हाच गैरहजर राहिला, स्वतःहून काम सोडून गेला. आता काढल्याचा कागदच नाही तर दाखवणार काय? म्हणून सांगतो, गेटवर अडवलं की त्याच दिवशी लिहा: आज अमुक तारखेला इतक्या वाजता कामावर आलो, मला आत घेतलं नाही, मी काम करायला तयार आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मेल करा आणि स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवा. "मी काम करायला तयार आहे" हे वाक्य पाहिजे म्हणजे पाहिजेच. आणि त्याच पत्रात "माझा हिशोब द्या" लिहू नका, उद्या तेच दाखवून म्हणतील याला सोडायचंच होतं.

मुदतीचं पण तसंच. माझ्या वेळी 1971 च्या अनुचित कामगार प्रथा कायद्याखाली तक्रारीला 90 दिवस होते, ते गेले की उशीर माफ करा म्हणून वेगळा अर्ज आणि त्याच्याच तारखा. दुसरा रस्ता म्हणजे कामगार कार्यालयात समेटाचा अर्ज, 45 दिवसांत मिटलं नाही तर थेट कोर्टात. कोर्टात जायला पूर्वी काढल्या दिवसापासून 3 वर्षं होती, 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन औद्योगिक संबंध संहिता आली त्यात 2 च आहेत, जुने व्हिडिओ बघून बसून राहू नका. "साहेब माझ्या ओळखीचे" म्हणणाऱ्यावर तर अजिबात विसंबू नका, त्याचीही नोकरी तिथेच असते, तो तुमच्यासाठी किती भांडणार?

पण घाबरू पण नका. पगारस्लिप नसली तरी पीएफ पासबुकात महिन्यामहिन्याची एंट्री असते, बँक स्टेटमेंट असतं, सलग नोकरी धरायला वर्षात 240 दिवस लागतात, ते भरल्याचं त्यातून उभं करता येतं. कार्डावर सुपरवायझर लिहिलंय, म्हणजे तू कायद्याने कामगारच नाहीस, असं म्हणून कोणी हाकललं तर ऐकू नका, हातात काम काय होतं ते बघतात.

माझं शेवटी तडजोडीत मिटलं, पैसे मिळाले, कामावर घेतलं नाही. त्या दिवशी सहीला आलेल्या कागदांत खाली एक कोरा पण होता, वकीलबाईंनी तो काढून बाजूला ठेवला. तुम्ही एकटे असाल तर प्रत्येक पान उलटून बघा, मगच सही करा.