हायड्रोजनची गाडी समजून घ्यायची तर आधी एक सेल चालवा

हायड्रोजनची गाडी फ्युएल सेलमधल्या विजेवर चालते. घरी तो समजायला प्रयोगशाळेत मिळणारा छोटा रिव्हर्सिबल पीईएम सेल (मधे प्रोटॉन जाऊ देणारा पडदा; वीज दिली की पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन काढतो, उलट चालवला की त्यांच्यापासून वीज बनवतो), ३० मिलिलिटरच्या खुणांच्या दोन गॅसनळ्या, करंट मर्यादित करता येणारा डीसी सप्लाय, मल्टिमीटर आणि खेळण्यातली मोटर एवढं पुरे. पाणी मात्र डिस्टिल्डच. मिनरल वॉटर अजिबात नको, त्यात क्षार असतात. त्यांचे आयन पडद्यात प्रोटॉनची जागा अडवतात आणि सेल हळूहळू मरतो. धुऊन तो नेहमी सुधारतोच असं नाही.

ऑक्सिजनच्या बाजूला पाणी भरून पडदा काही मिनिटं भिजू द्या. सप्लायचा प्लस ऑक्सिजनकडे, मायनस हायड्रोजनकडे जोडा. उलट जोडणीने उत्प्रेरक खराब होतो. व्होल्टेज २ च्या खाली आणि करंट माहितीपत्रकातल्या कमाल मर्यादेच्या आत ठेवा. अर्ध्या अँपिअरला ३० मिलि हायड्रोजन साधारण ८ मिनिटांत जमतो, ऑक्सिजन त्याच्या निम्मा. सुरुवातीचा गॅस सोडून द्या, त्यात नळीतली हवा मिसळलेली असते. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन पेट घेऊ शकतो, म्हणून खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको.

आता सप्लाय काढा. मीटर काही क्षण जास्त आकडा दाखवेल, तो खरा धरू नका. स्थिरावल्यावर सुमारे ०.९ व्होल्ट दिसेल. सिद्धांताचा आकडा १.२३ आहे, पण तो प्रत्यक्षात मिळत नाही. मोटर जोडली की व्होल्टेज ०.६ ते ०.७ पर्यंत उतरतं. हायड्रोजनचे प्रोटॉन पडद्यातून जातात, इलेक्ट्रॉन मात्र मोटरमधून फिरून येतात. पलीकडे ऑक्सिजनशी भेट झाली की पाणी.

३० मिलि हायड्रोजन १०० मिलिअँपिअरला हिशेबाने सुमारे ४० मिनिटं पुरायला हवा. बराच आधी संपला तर आधी नळीचे सांधे तपासा, मग पडद्यातून गॅस पाझरतोय का ते. व्होल्टेज हेलकावे खात पडत असेल तर तयार झालेलं पाणी वाट अडवतंय. गॅसचा एक झोत सोडून ते बाहेर काढा. सतत कमी असेल तर पडदा कोरडा पडलाय. काम झाल्यावर नळ्यांची तोंडं बंद ठेवा.

पाणी जास्त की कमी, हा झगडा गाडीतही असतो, फक्त मोठ्या प्रमाणावर. टोयोटाच्या मिराई या हायड्रोजन गाडीच्या दुसऱ्या पिढीत ३३० सेल एकामागोमाग जोडलेले आहेत. त्यांची कमाल शक्ती १२८ किलोवॅट, आणि तीन टाक्यांत ७०० बार दाबाने ५.६ किलो हायड्रोजन. पाय दाबल्याबरोबर सेलला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर वेग घेईपर्यंतची तूट छोटी बॅटरी भरून काढते, ब्रेकमधून परत मिळणारी वीजही तीच साठवते. इंधनात कार्बन मोनॉक्साइड दशलक्ष भागांत ०.२ पेक्षा जास्त चालत नाही, कारण तो सेलमधल्या उत्प्रेरकाला, म्हणजे प्लॅटिनमला, चिकटून बसतो आणि हायड्रोजनला जागाच उरत नाही.